नोराआजींची सहा जानेवारी

वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर आमचं घर आईच्या लाटण्यावर चाललं. नागपुरात ती लोकांकडे पोळ्या करायची, आणि घरी आली की आम्हा भावंडांना वाढून, उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानंच खायची. त्यातूनच मी इंजिनीअर झालो, घरातला पहिला पदवीधर. हे सांगायला मला आजही अभिमान वाटतो. पुढे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेतलं, आईला आणलं, पण तिचं उभ्यानं खाणं काही सुटेना. मी सांगून थकलो, बायको रागावून थकली. हार मानली नाही ती फक्त शेजारच्या नोराआजींनी. गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या...

आयर्लंडच्या एका खेड्यातून त्या तरुणपणी इथे आलेल्या. त्यांच्या दाराकडे बघून आम्हाला सण कळायचे. फेब्रुवारी लागला की संत ब्रिजिडसाठी विणलेला लव्हाळ्याचा क्रॉस, मे महिन्याच्या पहिल्या सकाळी उंबऱ्यावर पिवळी फुलं, नाताळात वाट चुकलेल्यांसाठी खिडकीत मेणबत्ती. ऑक्टोबरअखेर त्या मनुकांचा गोड पाव करायच्या, आत अंगठी लपवून. जिला ती सापडेल तिचं लग्न ठरणार. एकदा ती आईलाच सापडली. "आता या वयात कुणाला माळ घालू?" आई म्हणाली. मी इंग्रजीत सांगितल्यावर आजींनी समोरच्या घरातल्या विधुर काकांकडे बोट दाखवलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

सहा जानेवारी म्हणजे त्यांच्याकडे बायकांचा नाताळ. त्या दिवशी बायकांनी चुलीकडे फिरकायचं नाही, पुरुषांनी रांधायचं. पहिल्या वर्षी बोलावलं, तर आई डबाभर पोळ्याच लाटून घेऊन गेली. आजींनी डबा काढून घेतला, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "सिट, सुमन." त्यांच्या मुलानं करपलेले बटाटे वाढले. आई खुर्चीच्या कडेला अवघडून बसली. मला काय पायाला प्लास्टर घातलंय का, असं घरी येऊन कुरकुरली. मग दरवर्षी तेच... ही शालीखाली डबा न्यायची, त्या तो शोधून काढायच्या.

यंदा त्या दिवशी शेजारचं घर बंद होतं. सकाळी मीच कणीक मळली. पोळ्या वेड्यावाकड्या होत होत्या. आई दारात येऊन बघत राहिली.

"आजी नाहीत आता," मी म्हटलं. "तुला करायच्या असतील तर कर."

"त्या नाहीत, सण आहे ना? लाट तूच. कडा जाड ठेवू नकोस."

तिनं खुर्ची ओढली, पाठ टेकली. माझी आई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी, बसून जेवली.