भर दिवसा ठेवलेली अंडी

नोनी टँगनीला राग आला की तिच्या कोंबड्या अंडी घालायचं विसरतात, असं नॉकडारा वाडीत म्हणायचे. थेडीचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, म्हणणं वेगळं होतं. तो म्हणायचा, "राग 'आला' म्हणायला तो आधी कुठे तरी गेलेला असावा लागतो."

केरीच्या डोंगरातला पाऊस आणि नोनीचा राग, दोन्ही बाराही महिने. ती किटलीवर रागवायची, वाऱ्यावर रागवायची, ब्रिजिदवर तर रोजच. पाद्री ब्रिजिदला संत म्हणत, पण वाडीतल्या बायकांची तिच्याशी ओळख पाद्र्यांच्या आधीपासूनची होती. त्यामुळे नोनी तिच्याशी शेजारणीसारखं भांडायची. "दुधदुभत्याची मालकीण म्हणवतेस ना? मग माझी गाय लाथा का मारते? झोपलीस काय गं?" थेडी अशा वेळी डोंगरावरच्या मेंढीसारखा वाऱ्याकडे पाठ करून उभा राही आणि पाईप पेटवी.

पण या सगळ्या किरकोळ रागांच्या तळाशी नोनीचा एक मुरलेला, जपून ठेवलेला राग होता. तो पेग ब्रीनवर होता.

पेग म्हणजे शेजारच्या मॉस ब्रीनची बायको आणि एके काळी नोनीची जिवाभावाची मैत्रीण. लग्नाआधी दोघींनी जत्रेत एकाच ताग्यातून निळं चौकडीचं कापड घेतलं होतं. नोनीने आपल्या वाट्याचे पडदे केले, कारण खिडक्यांना घाम येत नाही आणि कापड टिकतं. पेगने झगे शिवले.

मग ती बेलटिनाची सकाळ आली. मे महिन्याचा पहिला दिवस. उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरलेली, आणि घरातून दूध, मीठ, विस्तव काही म्हणजे काही बाहेर द्यायचं नाही, कारण त्याबरोबर वर्षाचं लोणी निघून जातं. नोनी उभ्या पिंपात साय घुसळत होती, आणि तेवढ्यात पेग दारात आली. आता घुसळण चालू असताना कोणी घरात आलं, तर त्याने "देव बरकत देवो" म्हणून दांड्याला हात लावायचा आणि चार ठोके द्यायचे, हे नॉकडाऱ्यात तान्ह्या पोराला कळतं. जो हात लावत नाही, तो लोणी चोरायला आलेला असतो.

पेग शाल घट्ट लपेटून उभी राहिली. म्हणाली, "नोनी, जरा बाहेर येतेस?"

"आधी हात लाव."

पेगने पिंपाकडे पाहिलं, नोनीकडे पाहिलं आणि चालती झाली.

त्या दिवशी लोणी आलं नाही. सबंध उन्हाळ्यात धड लोणी आलं नाही. नुसता फेस. थेडी एकदा हळूच म्हणाला, "गाय आटत आली होती गं. आटत्या गाईच्या सायीला..." पुढचं वाक्य त्याने पाईपला सांगितलं.

तेव्हापासून बोलणं बंद. नोनीने आपल्या सगळ्यात नाठाळ तांबड्या कोंबडीचं नाव पेग ठेवलं, आणि कुंपणापलीकडे स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ती तिला हाकलू लागली. "पेग, सटवे, उतर त्या ओट्यावरून! पेग, चोरटे, पुन्हा माझ्या दारात दिसलीस तर मान मुरगाळीन!" कोंबडी बिचारी वर्षानुवर्षं शिव्या खात जाड झाली.

जुलैच्या शेवटच्या रविवारी, लूनसाच्या सणाला, सगळी वाडी डोंगरावरच्या पवित्र विहिरीवर जाते. विहिरीला सूर्याच्या दिशेने फेरे घालायचे, पाणी प्यायचं, आणि जो अवयव दुखतो त्याच्यावरच्या कापडाची चिंधी फाडून काटेरी झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाते तसं दुखणं ओसरतं. त्या वर्षी नोनीचा गुडघा धरला होता. गुडघ्यावरही तिचा राग होताच, म्हणून गर्दी होण्याआधी ती एकटीच लंगडत, गुडघ्याला शिव्या देत वर पोचली. पेटीकोटाची चिंधी बांधायला तिने फांदी ओढली आणि ती तशीच थांबली.

फांदीवर निळी चौकडी होती.

एक पार विरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तिच्या शेजारी जरा बरी. वरच्या फांदीवर आणखी एक, पलीकडे तीन, आणि एक अगदी नवी, दशा लोंबणारी. सबंध झाड तिच्या पडद्यांच्या कापडाने लगडलं होतं.

मागून पावलं वाजली. पेग होती. नोनीला पाहून ती वळणार, तोच नोनी ओरडली, "थांब! ही तुझ्या बाहीची चिंधी."

"हो."

"ही?"

"तीही बाहीचीच."

"आणि ही?"

"ती बरगडीवरची," पेग म्हणाली. बाजारातली भाजी दाखवावी तशी. "ती खांद्याची. गुडघा घेऊन आलीस ना? बांध मग, माझ्या फांदीवर जागा नाही फारशी."

नोनी बोट लावून चिंध्या मोजायला लागली आणि शिवी द्यायची विसरली. हा प्रसंग थेडीने पाहिला असता तर त्याने विहिरीला कायमचा नवस बोलला असता.

"मॉस?" शेवटी तिने विचारलं.

"मग काय टेकडीतली ती न दिसणारी माणसं उतरून मारतात मला?"

"त्या बेलटिनाला..."

"मनगट मोडलं होतं. शालीखाली धरून आले होते. तू म्हणालीस, आधी हात लाव."

"मग बोलली का नाहीस, गाढवे!"

"तू कधी कोणाला बोलू दिलंयस, नोनी?" पेगने उजव्या बाहीची शिवण दातांत धरली आणि टर्रकन चिंधी काढली. मनगट सरळ नव्हतं. मोडल्यावर कोणी नीट बसवलंच नव्हतं ते. "चिंधी कुजली की दुखणं जातं म्हणतात. माझी एक कुजायच्या आत दुसरी येते. विहीर तरी काय करणार?"

नोनी डोंगर उतरली तेव्हा तिला आपल्या गुडघ्याची आठवणसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आधी बॅट लोहाराकडे गेली. बॅटने ऐरणीवरून मान वर न करता सांगितलं, "माहितीये गं. पण नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा?"

"घणाने लोखंड झोडतोस ना रे रोज? मग एका माणसाला नुसतं बोलायला तुझी जीभ का वितळली?"

दुकानवाल्या डीलियालाही माहीत होतं. "मॉस मनाचा वाईट नाही हो. मयतीला सगळ्यात आधी येतो. गळा किती गोड आहे त्याचा!"

"गळाच धरायला हवा होता कोणी तरी," नोनी म्हणाली आणि मीठ न घेताच निघाली. पाद्रीबुवांना माहीत होतं आणि ते प्रार्थना करत होते. पेगनेही करावी, असं त्यांनी सुचवलं. "जपमाळ कुठल्या हाताने धरू म्हणता तिने?" नोनीने विचारलं. पाद्रीबुवांना एकाएकी मेणबत्त्या मोजायच्या होत्या.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त कुंपणाला कुंपण लागून राहणाऱ्या नोनीला, कारण ती कुंपणावरून कोंबडीला शिव्या देण्यात गुंतलेली होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने घरी येऊन पडदे उपटून काढले, थेडीच्या हातातला पाईप काढून खिडकीबाहेर भिरकावला आणि मग स्वतःच तो शोधायला बाहेर गेली. बाहेरून तिला मॉसचं शेत दिसलं. शेताच्या ऐन मधोमध ते एकटं काटेरी झाड उभं होतं. टेकडीतल्या त्या न दिसणाऱ्या लोकांचं झाड. मॉस, मॉसचा बाप, मॉसचा आजा, सगळे नांगर त्याला वळसा घालून नेत. त्याची एक काटकी मोडली तर वाडी आठवडाभर थरथर कापायची. बाईचं मनगट मोडलं, तर वाडी हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

"असं आहे होय," नोनी म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की थेडी आत उठून उभा राहिला.

मॉसच्या शेतात गवताच्या छोट्या गंज्या उभ्या होत्या. पुढच्या सोमवारी इर्जिक ठरली होती. सगळी वाडी येऊन गवत कोठारात नेणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, प्रार्थना सुटली आणि माणसं चर्चच्या पायऱ्यांवर तंबाखू काढत उभी राहिली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मॉसचं शेत. नोनी ओटीत अंडी घेऊन सरळ त्या शेतात शिरली.

नॉकडाऱ्यात एकाच्या गवतात दुसऱ्याने अंडी ठेवणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. अंडं आत कुजतं, तसं घर कुजतं. पण ही गोष्ट चोरून करायची असते. मालकाला दिसू नये, देवाला तर नाहीच नाही. एवढ्या डोळ्यांदेखत, अंगावर रविवारचे कपडे आणि डोक्यावर चांगली टोपी घालून, कोणी कधी ठेवलं नव्हतं.

नोनीने पहिल्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला.

"हे पेगच्या मनगटाचं!" ती ओरडली. दुसरी गंजी. "हे बरगडीचं! हे खांद्याचं! आणि हे, बॅट लोहारा, तुझ्या जिभेचं! खाली काय बघतोस? डीलिया, हे गोड गळ्याचं!"

मॉस हसला. टोपी जरा मागे सरकवून, मयतीतला तोच गोड आवाज काढून म्हणाला, "थेडी, बायकोला आवर रे. उन्हाने डोकं फिरलंय तिचं."

थेडीने आयुष्यात पहिल्यांदा पाईप तोंडातून काढून उत्तर दिलं. "ऊन कुठंय?"

दुसरं कोणी हसलं नाही. माणसं छातीवर क्रूस काढत मागे सरकली. बॅट तर डीलियाच्या मागे उभा राहिला.

सोमवारी इर्जिकीला कोणी आलं नाही. एकाची पाठ धरली होती, एकाची गाय, एकाची सासू. मॉसने पाद्रीबुवांना आणून गवतावर तीर्थ शिंपडून घेतलं. पण पाद्रीबुवांनी ते रस्त्यावरूनच, लांब हात करून शिंपडलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. मॉस स्वतः गवत उचलायचा काटा घेऊन शेताच्या कडेपर्यंत गेला आणि पहिल्या गंजीशी उभा राहिला. बायकोवर उचलायला हात कधी कचरला नव्हता, अंड्यावर उचलेना. मागे डोंगराचं टोक ढगात बुडायला लागलं होतं.

नोनी साय घुसळत होती. दारात सावली पडली. पेग होती, काखेत कपड्यांचं बोचकं.

"देव बरकत देवो," पेग म्हणाली. बोचकं खाली ठेवून तिने बाह्या वर सारल्या आणि वाकड्या मनगटाचा हात दांड्यावर ठेवला. नोनीने तोंड फिरवलं.

"एवढ्या जोरात नको, सांडवशील सगळं," ती भिंतीला म्हणाली.

तांबडी कोंबडी नेहमीप्रमाणे ओट्यावर चढली. "पे..." नोनीने तोंड उघडलं आणि गपकन मिटलं.

"म्हण की," पेग म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतेय. कधी कधी वाटायचं, निदान कोणी तरी माझं नाव तरी घेतंय."

यावर नोनीला रागवता येईना, आणि दुसरं काही करायची तिला सवय नव्हती. तिने झाडू उचलून थेडीच्या पायांखाली विनाकारण झाडलं.

तेवढ्यात मॉस आला. उंबऱ्याबाहेर थांबून त्याने टोपी काढली.

"नोनीबाई, झालं गेलं विसरू. तेवढी अंडी काढा. पाऊस येतोय."

"आत येऊ नकोस," नोनी कडाडली. "घुसळण चालूये. आत पाऊल टाकलंस तर दांड्याला हात लावावा लागेल, आणि तुझा हात मी माझ्या लोण्याला लागू देणार नाही."

नॉकडाऱ्यात जन्मलेला माणूस. पाय उचलला होता, तो त्याने तसाच मागे घेतला.

"जनावरं मरतील हिवाळ्यात," तो म्हणाला. आवाजातला गोडवा आता संपत आला होता. "पेग, सांग हिला. आणि चल घरी."

नोनीने ओलं फडकं खांद्यावर टाकलं. "ठेवली मी. काढीनही मीच. पण ही सांगेल तेव्हा."

आता सगळे पेगकडे बघायला लागले. थेडी, मॉस, अगदी कोंबडीसुद्धा. पेगने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. डोंगर नाहीसा झाला होता. पलीकडच्या कुरणावरून पावसाची राखाडी चादर ओढल्यासारखी पुढे येत होती. तिने पुन्हा खाली पिंपात पाहिलं आणि दांड्याचा ठोका कानाने जोखला. साय जड व्हायला लागली होती.

"आधी लोणी येऊ दे," ती म्हणाली.

"कधी येईल?" मॉसने विचारलं.

"काय घाई आहे?" पेग म्हणाली आणि दोन्ही हातांनी दांडा उचलला.

पाऊस आला. मॉस काही वेळ उंबऱ्याबाहेर भिजत उभा राहिला, मग टोपी डोक्यावर घालून शेताकडे निघाला. शेताच्या कडेशी तो पुन्हा थांबलेला खिडकीतून दिसत होता. पडदे नव्हते ना.

"तिकडे काय बघतेस?" नोनी पेगवर खेकसली. "हात चालव. आणि रात्री आतल्या खोलीत झोपायचंय तुला, तिथलं छप्पर गळतं. सांगून ठेवते, तक्रार नकोय मला!"