केळं कुठल्या ताटात

मी इतकी घाबरले होते ना की पोहे दोनदा भिजवले! पहिल्यांदा भिजवलेले विसरूनच गेले.

त्या रविवारी दुपारी माझी शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. आपल्या मुलांना आपला धर्म पुस्तकातून नाही तर हाताने करून कसा शिकवायचा, याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स मी करत होते. त्यासाठी चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडलेली. नापास झाले तर हातात ना नोकरी, ना डिग्री.

रहाटणीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सात मुलं जमवली. कोर्सच्या मॅडम ठाण्याहून आलेल्या, कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसल्या. मुलांकडून मलिदा करून घ्यायचा होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सोबत फळं. नवस फेडताना, लग्नाआधी आम्ही तो करतोच. फळं खाण्याआधी आशीर्वाद म्हणायचा, झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतून येणाऱ्याला वेगळा. म्हणून मी दोन ताटं मांडली.

परीक्षेचा नियम एकच, शिकवणाऱ्याने कमी बोलायचं. आणि मी घाबरले की थांबतच नाही! बडबड बडबड.

"ताई, श्वास घे की," देहूरोडची आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली. सगळी हसली. मग तिने झाडाच्या ताटातलं केळं उचललं. "हे इथे का?"

"झाडाला लागतं म्हणून."

"पण ते झाड नसतंच! आमच्या घरामागे आहे ना. घड काढला की पप्पा अख्खी केळ तोडतात. मग बाजूने नवीन येते. आंबा तोडतात का असा?"

आमच्या घरी सगळी फळं एकाच ताटात असतात. केळं मी कधी वेगळं बघितलंच नव्हतं. मॅडमचं पेन चालू झालं. कररर. गेली डिग्री, असंच वाटलं. ठोकून द्यावं का काहीतरी?

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बघून येऊया?"

क्लबहाऊसच्या मागे माळीकाकांनी सकाळीच घड उतरवून केळ कापलेली. मुलं तुटून पडली. खोडाची सोपटं सोलताहेत, सोलताहेत, आत नुसतं पाणी आणि पांढरं मऊ.

"अरे, हा तर कांदा आहे!" एक जण ओरडला.

"लाकूडच नाही ताई!"

आत येऊन त्यांनीच केळी दुसऱ्या ताटात ठेवली. मी एक शब्द बोलले नाही. बोलता येतच नव्हतं, खरं सांगायचं तर!

मुलं खात असताना मॅडमनी बोलावलं. माझे हात साखरेने चिकट.

"केळं चुकलं. खोड टिकत नाही, म्हणून जमिनीचंच असतं ते. लिहिलंय मी."

"हो मॅडम."

"घाबरली होतीस?"

"अजून घाबरलेय."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला. चूक लिहिली होतीच. खाली लिहिलं होतं, मुलांसोबत शोधायला गेली, पास. मी ते तीनदा वाचलं.

"आता केळं दे एक," त्या म्हणाल्या, "आणि आशीर्वाद तू म्हण."

मी म्हटला, जमिनीचा. पहिल्याच शब्दाला अडखळले, तर ती देहूरोडची लगेच, "ताई, हळू!"