वाजवणाऱ्यांची पंगत

जगात रागावण्यासारखं जेवढं म्हणून आहे, तेवढं सगळं देवाने माझ्या बायकोच्या मामांच्या नावावर करून दिलं होतं. माणसं शेजाऱ्यावर रागावतात, फार तर सरकारवर. मामा कुळगावात बसून अमेरिकेवर रागावत. लढाईच्या काळात ते कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, स्टोअरकीपर होते. तिथल्या एका काळ्या अमेरिकन सोल्जरने मायदेशी परतताना त्यांना ग्रामोफोन आणि अकरा रेकॉर्डी दिल्या, आणि नाकासमोर चालणारा एक माणूस कायमचा बिघडला. रेकॉर्ड चालू असताना कुणी बोललं, की मामा त्याच्या हातातला अर्धा प्यालेला चहा काढून घेत. मी नवा जावई. पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, गाणाऱ्याचं पोट दुखतंय का?" झालं! "जावईबापू, डोकं आहे की नारळ? कापसाच्या शेतात चाबूक खाल्लेल्यांच्या पोरांचं गाणं आहे हे!" पुढे दोन वर्षं मला त्या घरी बिनसाखरेचा चहा मिळाला.

ग्रामोफोनच्या सुया आणायला ते उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे जात. त्याने एकदा रेकॉर्ड ऐकली आणि हळूच विचारलं, "साईं, ये लोग भी घर छोड़ के आये क्या?" मामा घरी आले ते तणतणतच. "सगळ्या कुळगावात एकाला कळलं नाही, त्या निर्वासिताला कळलं!" मग रात्रीचं जेवण होईपर्यंत अमेरिका. "अख्ख्या देशाला नाचायला शिकवलं या लोकांनी! तिथली गोरी पोरं चालतात यांच्या तालावर, बोलतात यांच्यासारखी, मडमा तिकिटं काढून ऐकायला येतात. आणि वाजवणारा? मागच्या दाराने आत! माझ्या त्या सोल्जर दोस्ताच्या बापाने वीस वर्षं एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवला, पण तिथल्या खुर्चीवर बसून एक घास खाल्ला नाही. लाज नाही वाटत?" मामी आतून म्हणत, "मला वाटते हो. आता दळण आणता का?"

मग मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न निघालं. मांडव दारातच. अक्षता पडल्या, पंगत मांडली, आणि सकाळपासून सनई वाजवून दमलेले चार वाजंत्री रिवाजाप्रमाणे मांडवाबाहेर जांभळीखाली जाऊन बसले. त्यांचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, तेही तिथेच. मामांनी ते पाहिलं मात्र! "पहिल्या पंगतीत चार पानं वाढा!" कल्याणचे व्याही ताडकन उठले. "ते आत आले तर आमचं वऱ्हाड उपाशी परत जाईल. मुलगी ठेवा तुमच्याकडे." मामा ओरडले, "घटना लिहून झाली, तरी पंगत तीच?" मी त्यांचा हात धरला. "मामा, अमेरिका घरी ठेवा हो, पोरीचं बघा!" मुलगी रडायला लागली, तरी मामा हटेनात. शेवटी म्हातारा सनईवाला जांभळीखालून म्हणाला, "मामासाहेब, तुम्ही रागावून मोकळे व्हाल. उद्या आम्हाला लग्नात बोलवील कोण? आणि आत यायचंय का, हे आम्हाला विचारलंत का?"

मामांनी व्याह्यांना हात जोडून पंगत बसवली, मग स्वतःची पत्रावळ उचलली आणि जांभळीखाली गेले. "बसू का?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने सनई बाजूला सरकवून जागा केली. मुलीचा बाप लग्नात मांडवाबाहेर! मी संतापलो. म्हटलं, नसती थेरं, चारचौघांत आम्हाला खाली पाहायला लावायची.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता राग येतो तो माझाच येतो. मुलगी त्यांची होती. तिचा संसार पणाला लागला होता, तरी ते उठले. माझं काय जाणार होतं? माझ्या पानात जिलबी होती, ती मी खाली मान घालून संपवली, आणि वाढपी पुन्हा आला तेव्हा आणखी एक मागून घेतली.