बीपीच्या मशीनवर माझी तक्रार

माझं म्हणणं कोणी खरं मानलंच नाही! घरच्यांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही. मी ओरडून ओरडून सांगत होते की आमच्या दिग्रसच्या दवाखान्यातलं बीपीचं मशीन खोटं बोलते. पण चौथी पास बाईचं ऐकते कोण? आता तुम्ही ऐका. हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. तांदूळ निवडायला बसले की खडा कोणता न् दाणा कोणता, कळेना. ऑपरेशनला यवतमाळला गेले, तर तिथल्या सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला न् म्हणाली, "बीपी लय वाढलं बाई. कमी करून या." परत! महिन्यानं पुन्हा गेले. पुन्हा परत!

मी म्हटलं, दिग्रसच्या डॉक्टरनं देल्ली गोळी खाऊन राह्यली, तरी बीपी कमी होत नाही म्हणजे दवाखान्यातच गडबड आहे.

आमचे हे म्हणाले, "अवं, यवतमाळचं मशीनही तेच सांगते ना?"

"दोन्ही एकाच दुकानातून घेतले असतील!"

त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

मी तडक दवाखान्यात. डॉक्टर माझ्या लेकाच्या वयाचे, पण मी भीडभाड ठेवत नाही. म्हटलं, "डॉक्टर साहेब, दवाखाना तुम्ही सुधारता का मी सुधारू? हा तुमचा कंपाउंडर गजाभाऊ उभ्या बाईच्या दंडाले बाहीवरूनच पट्टा गुंडायते. अन् वरून इचारते, काकू, कापूस वेचून झाला का? अशानं बीपी वाढीन नाही तर काय!"

गजाभाऊ लाल. पण डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "मावशी, बरोबर आहे तुमचं." आणि खरंच, आठ दिवसांत पाठ टेकायची खुर्ची आली, नवं मशीन आलं. आधी पाच मिनिटं गप बसायचं, मग पट्टा. बाया मला म्हणाल्या, "विमलबाई, तुमच्यामुळं झालं वो!" मी पदर सावरला न् रुबाबात खुर्चीत बसले. पाच मिनिटं तोंड मिटून! माझ्यासाठी ती शिक्षाच.

नव्या मशीननं सांगितलं, एकशे ऐंशी.

मग तर माझं डोकंच फिरलं. मशीन नवं, खुर्ची नवी, म्हणजे गोळीच खोटी! डॉक्टर म्हणाले, "मावशी, घरच्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की फुली मारा, अन् महिन्यानं घेऊन या."

महिन्यानं मी गेले. एका हातात कॅलेंडर, दुसऱ्या हातात तक्रारीचा अर्ज. पुतणीकडून लिहून घेतला होता, "माझ्या जिवाशी खेळणाऱ्यावर कारवाई करा." नावाची जागा तेवढी कोरी. गजाभाऊ, मेडिकलवाला, का खुद्द डॉक्टर, ते मी तिथंच ठरवणार होते.

डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. "मावशी, सोमवारी फुली नाही. गुरुवारी नाही. शनिवारीही नाही. काहून?"

"काहून म्हणजे? उपास असते ना मले!"

"मग गोळी?"

"तुम्हीच तं सांगतलं, गोळी जेवण झाल्यावर घ्या म्हणून. उपासाच्या दिवशी जेवतच नाही, तं गोळी कायले खाऊ?"

"साबुदाण्याची उसळ खाता ना?"

"तो फराळ हाय! जेवण कुठं हाय ते?"

बाकावरच्या बाया एकदम खो खो हसत सुटल्या. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "हे तीन-तीन उपास कधीपासून?"

आता काय लपवू? सोमवार जुनाच. पहिल्यांदा परत पाठवलं तेव्हा डोळ्यासाठी गुरुवार धरला. दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा शनिवार धरला. म्हणजे बीपी वाढलं की मी उपास वाढवत होते, न् उपास वाढला की बीपी!

तेव्हापासून डॉक्टर गोळी लिहायच्या आधी प्रत्येक बाईला विचारतात, "उपास कोणकोणते?" आणि उपासालाही गोळी घ्यायची हे बजावतात. म्हणजे दवाखाना शेवटी मीच सुधारला, हे लक्षात ठेवा! डोळ्याचं ऑपरेशनही पुढच्या महिन्यात झालं.

पण त्या दिवशी गजाभाऊ काही सोडेना. माझा अर्ज उचलला, पेन पुढं केलं न् म्हणाला, "काकू, कारवाई कोणावर करायची? नाव कोरंच राह्यलं."

मी काय कोणाला भिते? पेन हिसकावलं न् कोऱ्या जागी ठळक अक्षरात लिहिलं: विमल नामदेव गावंडे.