हॉलिवूडची सालदार

आज हिवरखेडला बचत गटाच्या बायकांपुढे बोलायला गेले होते. संयोजकांनी विषय दिला होता, 'संकटात मन खंबीर कसं ठेवावं'. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्यापासून गावात येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना हेच ऐकवतो. मी सरळ जुन्या हॉलिवूडमधल्या एका नटीची गोष्ट सांगितली.

तिचा फिल्म कंपनीशी सात वर्षांचा करार होता. तिनं एखादी भूमिका नाकारली की कंपनी तिला बिनपगारी घरी बसवायची आणि तेवढे दिवस कराराला पुढे जोडायची. सात वर्षं झाली तरी सुटका नाही.

मागून सुमनबाई उठल्या. त्यांचे यजमान वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे.

"म्हंजे ते बी सालदारच होती ना! आमच्या घरच्याले साल सरलं तरी खाडे भरून देल्याशिवाय सुट्टी नवती. मंग काय केलं तिनं?"

"कोर्टात गेली."

"जितली?"

"जिंकली. मधली दोन वर्षं कुणी काम दिलं नाही, तरी हटली नाही. पुढे भूमिका स्वतः निवडल्या आणि मोठी बक्षिसंही घेतली."

टाळ्या थांबेनात. संयोजक मात्र भडकले. "मॅडम, इथं लोकं मरून राहिले अन् तुमी सिनेमा सांगून राहिल्या?"

मी काही बोलायच्या आत सुमनबाईच म्हणाल्या, "भाऊ, मराच्या गोष्टी आमी रोजच आयकतो. आज एक जितलेली बाई आयकली, तं तुमाले काहून झोंबलं?"

संयोजक मला पुन्हा बोलावणार नाहीत. न बोलावोत. बायकांनी बोलावलंय.

जिंकलेल्या आणखी बाया तुम्हाला माहीत असतील ना? खाली लिहा. मी एकेकीला हिवरखेडला घेऊन जाणार आहे.