पिण्यास योग्य

माझ्या माहेरी, पाथर्डीकडच्या गावात, पाझर तलावाचं पाणी नळाला येतं. गेल्या वर्षी त्याच नळाच्या पाण्याची बाटली तपासणीला नगरच्या आमच्या प्रयोगशाळेत आली. बूच उघडलं आणि जंतू मारायच्या टीसीएल पावडरीचा असा भपकारा आला की नाक झिणझिणलं. नमुना भरायचा म्हटलं की गावचा पाणीवाला टाकीत पावडर टाकताना हात सैल सोडतो. पाहुणे येणार म्हणून घर सारवावं, तसं. एवढ्या पावडरीत कुठला जिवाणू जगतोय? अहवाल निघाला: पिण्यास योग्य. मी हसले आणि सही ठोकली. माहेरचं पाणी पास झालं म्हणून जरा मिरवलेसुद्धा.

महिन्याभरानं वहिनीचा फोन आला. पाच वर्षांच्या माझ्या भाचीला जुलाब सुरू होते. औषधानं चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. पोरीची गालफडं बसलीत, म्हणाली. माझा जीव राहीना. घरी न डोकावता परस्पर तलावावर गेले आणि पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये भरून एसटीनं आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, नगरात पानी न्हाई व्हय?"

ते सगळं पाणी बारीक गाळण-कागदातून ओढलं. कागदावरचा गाळ धुऊन यंत्रात गरगर फिरवला, तळाशी बसलेल्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, वर आयोडीन टाकलं. सूक्ष्मदर्शकातून बघते तर जिआर्डिया! अंडाकृती, जाड कवचातले, निवांत. हा परजीवी पोटात गेला की जुलाब हटता हटत नाहीत, आणि पावडरीला तो भीक घालत नाही. पाणी उकळलं की मात्र मरतो.

साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी कौतुकानं बघितलं, मग अहवालाचा फॉर्म बघितला. "मॅडम, याला रकानाच नाही हो. लिहिणार कुठं?" खरंच होतं त्यांचं. रकाना नसताना पाण्यात राहायचं, म्हणजे त्या जंतूचाच आगाऊपणा!

रविवारी तडक माहेर गाठलं. रस्ताभर माझा पारा चढत होता. पाणी उकळून प्या, हे मी वहिनीला लाखदा सांगितलं होतं. उंबऱ्यातूनच सुरू झाले, "पोरीच्या जिवाशी खेळताय का? एक पातेलं गॅसवर ठेवायला काय होतं हो तुम्हाला?"

वहिनी एरवी माझं एक ऐकून दोन सुनावणारी. पोर तिच्या मांडीवर मान टाकून पडलेली. आज तिनं नुसतं माठाच्या वर भिंतीकडे बोट केलं. तिथं ग्रामपंचायतीतून आणलेली आमच्या अहवालाची झेरॉक्स, प्लास्टिकचं कव्हर घालून, चार खिळ्यांनी ठोकलेली.

"रोज उकळत हुते की, वन्सं," ती म्हणाली. "ह्यो कागद आला, तवा बंद केलं. सरकारी कागदावर मी कवाच इस्वास ठेवत न्हाई. पर खाली सही तुमची हुती."