चौथ्या रिळाचं शेपूट

त्या रविवारी दुपारी ऑपरेटरांनी दोनदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला घेतला तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, काच झिजेल आता. बसा बघू."

सगळी गल्ली त्यांना ऑपरेटर म्हणते. थिएटर बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सिनेमाची तुटलेली फीत जोडावी तर त्यांनीच. सांधा पडद्यावर दिसला तर मिशी उतरवेन, असं म्हणायचे, आणि मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे तीही ऑपरेटरच. "घरात ऑपरेटर दोन, पण बोलणारी मी एकटी," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

तिच्या आवाजामुळेच पुढचं सगळं घडलं. इटलीत बनलेला एक काउबॉयपट आपल्या भाषेत डब होत होता आणि त्यातल्या विधवेला आवाज देणारी बाई ऐन वेळी आजारी पडली. स्टुडिओवाल्याने परगावचा कॉल मागायला फोन उचलला, लाइनवर हिचा आवाज ऐकला आणि कॉल राहिला बाजूला, हिलाच बोलावून घेतलं. सिनेमात जखमी बंदूकवाला घोड्यावरून उतरतो. दारातली विधवा त्याच्या हातात पाण्याचं भांडं देते आणि म्हणते, "पाणी पी आणि चालता हो. या घरातला पुरुष गेला, आता बंदूक कुणासाठी?" पुढे दोन-तीन वाक्यं. सगळं मिळून चाळीस सेकंद. पण घरात त्याचा तोरा केवढा! ऑपरेटरांना शेवटचा खेळ संपवून यायला उशीर झाला की ती दारातच म्हणायची, "पाणी प्या आणि चालते व्हा." मग जेवण गरम करायला आत जायची.

लेक दोन वर्षांची असताना ती चार दिवसांच्या तापात गेली. मागे फोटो राहिले, शाल राहिली, तिच्या अक्षरातली किराणा मालाची यादी राहिली. आवाज तेवढा घरात कुठेच नव्हता. टेपरेकॉर्डर कुणाकडे होता तेव्हा? आवाज होता तो त्या सिनेमात, पण लेकीला कळू लागेपर्यंत थिएटरच्या मालकाने तो लावणं थांबवलं होतं. लेक लहानपणी विचारायची, "आई कशी बोलायची?" ते म्हणायचे, "गोड." ती विचारायची, "गोड म्हणजे कशी?" मग बापडा चष्मा पुसायला घ्यायचा.

थिएटर बंद झालं तेव्हा त्या सिनेमाची रिळं न्यायला कुणी फिरकलं नाही, म्हणून डबे ऑपरेटरांच्या पलंगाखाली आले. मग तीन वर्षांपूर्वी लेकीला इंटरनेटवर एक निवेदन दिसलं. एक परदेशी कंपनी तोच सिनेमा जुन्या प्रतींवरून झाडूनपुसून नवा करत होती आणि वेगवेगळ्या भाषांतले आवाजही शोधत होती. ऑपरेटरांनी डबे स्वतःच्या हाताने बांधून पाठवले. आता डिस्क आली होती, आपल्या भाषेतल्या आवाजासकट. आई नेमकी कुठे बोलते ते त्यांनी लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. "तूच ओळख," एवढंच म्हणत आले होते.

सिनेमा सुरू झाला. चित्र असं स्वच्छ की घोड्याच्या पापणीवरची धूळ मोजावी. जुने आवाज खरखरत का होईना, पण होते. गुत्त्यातली बाई बोलली तेव्हा लेकीने कान टवकारले. "ही?"

"छे गं. थांब जरा."

दार आलं. विधवा आली. भांडं पुढे झालं. तिचे ओठ हलले आणि कुठलीतरी परकी बाई इटालियनमध्ये बोलू लागली. खाली अक्षरं उमटली.

"हे मध्येच काय झालं?" लेकीने विचारलं.

काय झालं ते जगात एकट्या ऑपरेटरांच्याच लक्षात आलं होतं. तो प्रसंग चौथ्या रिळाच्या अगदी शेवटी होता. रीळ संपायच्या आत पुढचं रीळ चढवलेलं दुसरं मशीन चालू करायचं असतं, नाहीतर फितीचं शेपूट सुटून फटाफट आपटतं आणि फाटतं. एरवी डोळ्यांत तेल घालून काम करणारा हा माणूस नेमका तिथेच चुकायचा, कारण तो तिचा आवाज ऐकत उभा राहायचा. ती गेल्यावर तर मालकाच्या मागे लागून तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावायचा आणि पुन्हा चुकायचा. फाटलं की कात्री घ्यायची, हातभर फीत कापायची, रीळ पुन्हा तयार. कानात तिचं बोलणं पुरं असायचं, त्यामुळे पडद्यावर किती उरलंय हे कळलंच नाही. ऐकायच्या हावेपायी त्यांनी तिला स्वतःच्या हाताने कापून केराच्या टोपलीत टाकलं होतं.

"तेवढी फीत खराब झाली असेल, म्हणून तिथे मूळचा इटालियन आवाज लावलाय," ते म्हणाले.

"मग आई कधी येणार?"

चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण त्या क्षणी तिचा चेहरा दोन वर्षांच्या पोरीचा होता. ऑपरेटरांनी तोंड उघडलं. मीच कापली, एवढेच दोन शब्द होते. ते निघाले नाहीत.

शेवटाकडे गाव पेटलं आणि खिडकीतून एक बाई ओरडली, "अरे, नका रे जाऊ!" कोण होती, देव जाणे.

"ही," ऑपरेटर म्हणाले. "ही तुझी आई."

लेकीने डिस्क मागे नेली. पुन्हा मागे नेली. अकरा वेळा ऐकून ती बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "किती गोड हो," म्हणाली. ऑपरेटरांनी तिच्या केसांवर हात ठेवला. त्यांना स्वतःची शिसारी आली, तरी त्यांनी हात काढला नाही.

तिने ते वाक्य मोबाइलमध्ये घेतलं. आता रोज कामावरून आली की चहा टाकताना लावते. ऑपरेटर पलीकडच्या खोलीत बसून ऐकतात. परवा ते अंगणातून घरात शिरले आणि सवयीने दारात थबकले. बायकोचं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. शब्द सगळे आले, "पाणी प्या आणि चालते व्हा." पण आवाज त्या खिडकीतल्या बाईचा होता.